लोकसंख्या किती आणि फाटा किती लांब

जिल्हा जनगणना पुस्तिका म्हणून एक जाडजूड प्रकरण असतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला त्यात एक ओळ मिळते. कोड नंबर, क्षेत्रफळ, घरं, माणसं, शाळा, दवाखाना, नळ, आणि पुढं सरकत गेलं की बस, रेल्वे, रस्ता. सोयींच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसतं 'आहे' किंवा 'नाही'. नसेल तर ती सोय किती लांब, याचे तीनच गट: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढं.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातलं. आमच्या ओळीत बसपुढं 'आहे' असं लिहिलंय. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती गावठाणात नाही, वर वाडीवर राहते. म्हणाली, "हाय की. सकाळी हाय, सांजच्याला हाय. मधल्या वेळात माणसानं आजारी पडू नये म्हंजे झालं."

पुस्तिकेत चूक नाही आणि आत्याही खोटं बोलत नाही. एकाच एसटीबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचं तर त्या ओळीतले आकडे कसे तयार होतात ते बघावं लागतं.

गाव कशाला म्हणायचं?

जनगणनेतलं गाव म्हणजे महसुली गाव. तलाठ्याच्या दप्तरात ज्याची स्वतःची शीव आहे, नकाशा आहे, ते. त्या शिवेच्या आत गावठाण येतं, दोन-चार वाड्या येतात, मळ्यातल्या वस्त्या येतात. सगळ्यांची मिळून बेरीज एकच. ग्रामपंचायतीचा हिशेब आणखी निराळा, कारण दोन-तीन लहान महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असू शकते. म्हणून सरपंच सांगतात तो आकडा आणि पुस्तिकेतला आकडा जुळला नाही तर लगेच कुणाला धारेवर धरू नये. दोघं वेगवेगळ्या 'गावां'बद्दल बोलत असतील.

नावांचाही घोळ असतो. एकट्या कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन आहे आणि वाठार किरोलीही आहे. बुद्रुक-खुर्दच्या जोड्या तर तालुक्यागणिक. आकडा शोधताना नावावर जाऊ नये, कोडवर जावं. मी स्वतः एकदा भलत्याच गावाची लोकसंख्या आमची म्हणून अर्जात लिहिली होती.

आता वाड्यांकडं येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. समजा एका गावाची लोकसंख्या १,१४० आहे. गावठाणात ५२०, एका वाडीवर २६०, दुसरीवर १९०, तिसरीवर १७०. एसटी गावठाणातल्या पारापर्यंत येते. पुस्तिकेत बस 'आहे'. पण बेरीज करून बघा, ६२० माणसं, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव, त्या पारापासून लांब राहतं. एका वाडीची वाट ओढ्यातून, दुसरीची डोंगराच्या कडेनं. रकान्यातलं 'आहे' हे गावठाणापुरतं असतं, आणि वाचणारा ते सगळ्या गावाचं समजतो.

पश्चिमेकडं, पाटण-जावळी-महाबळेश्वरात, हे जास्त जाणवतं. तिथं एकगठ्ठा गाव असं कमीच. सोंडेवर चार घरं, खाली खोऱ्यात दहा. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर बाजाराला यायचं म्हणजे लाँचचा प्रवास. पुस्तिकेत जलमार्गाचाही रकाना असतो. आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक ठिकाणी त्याला 'नाही', पण ज्यांना तो लागू आहे त्यांना तोच मुख्य रस्ता.

मोजलं कुणाला?

आज आपल्या हातात असलेला गावनिहाय पक्का आकडा २०११ चा आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळं लांबली. त्यामुळं कुठंही गावाची लोकसंख्या वाचली की आधी वर्ष बघावं. त्या आकड्यातली दहावीतली मुलगी आज पोरांची आई असणार.

२०११ ला माणसं मोजली ती ९ ते २८ फेब्रुवारीत. जो माणूस या काळात गावात होता किंवा काळ संपायच्या आत परतणार होता, तो गावात मोजला. जो हा सगळा काळ बाहेर होता, तो जिथं होता तिथं. नियम सरळ आहे. पण फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं काय? उसाचा हंगाम. जत-आटपाडीकडची कुटुंबं, बीडकडच्या टोळ्या, वाळवा-कराडच्या फडांत उतरलेल्या असतात. एका गावातली कुलपं आणि दुसऱ्या गावाच्या शिवारातल्या कोप्या (ऊसतोड्यांची खोपटी), दोन्हींचा परिणाम आकड्यावर होतो. ही चूक नव्हे, देशभर एकाच वेळी मोजायचं तर कुठलातरी महिना धरावाच लागतो. फक्त वाचणाऱ्यानं तो महिना लक्षात ठेवावा.

हंगामाला जाणारी माणसं परत येतात. त्याहून मोठा भाग कायमचा बाहेर गेलेल्यांचा. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार देशभर पसरलीत. पाटण, जावळी, खटाव, माणमधली कित्येक घरं मुंबईच्या गिरण्यांवर आणि नंतर माथाडीच्या हातगाडीवर चालली. गावात राहिले म्हातारा-म्हातारी. घरावर नाव सहा जणांचं, मोजले दोन.

जिल्ह्याच्या आकड्यातही हे दिसतं. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ३०,०३,७४१, सांगलीची २८,२२,१४३. त्याआधीच्या दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला, सांगली ९ टक्क्यांच्या आसपास, सातारा जेमतेम ७. कमी मुलं होणं हे एक कारण, माणसं बाहेर जाणं हे दुसरं. स्त्री-पुरुष प्रमाणाचं तसंच. राज्यात हजार पुरुषांमागं ९२९ बायका असताना साताऱ्यात ९८८. हा आकडा भाषणात अभिमानानं सांगितलेला मी ऐकलाय. पण ० ते ६ वयाच्या मुलांत बघितलं तर दोन्ही जिल्ह्यांत हजार मुलांमागं मुली ९०० च्याही खाली होत्या. म्हणजे ९८८ मध्ये लेकींचं कौतुक कमी आणि मुंबईला गेलेल्या बाप्यांची गैरहजेरी जास्त.

गावात आणखी एक आकडा फिरत असतो, मतदारयादीचा. त्यात मुंबईकर असतात. ग्रामपंचायतीच्या मतदानाला भाड्याच्या गाड्या करून येतात, गुलाल पडला की रात्रीच निघतात. यात्रेला गाव दुप्पट होतं. बुधवारच्या बाजारात विचाराल तर गाव निम्मं असतं. या सगळ्यांतला सरकारी कामाला धरतात तो जनगणनेचाच. ग्रामपंचायतीचे सदस्य ७ असावेत की १७, हे त्यावर ठरतं. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. माणसं गावात मोजली गेली नाहीत की सोयही हिशेबातून निसटते, आणि यात्रेला आलेल्या मुंबईकराला ताप भरला की तोच विचारतो, इथं साधा दवाखाना कसा नाही?

रस्ता कुणाचा?

रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघायची सवय लावून घ्या. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. आमच्या फाट्यावरच्या दगडाचं डोकं हिरवं आहे. तिथून गावाकडं वळलं की तीन किलोमीटर दगडच नाही, आधी होता तो कुणाच्यातरी गोठ्याच्या पायरीला गेला.

या रंगांमागं मालकी आहे. राष्ट्रीय महामार्ग सोडले तर राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा') सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. इतर जिल्हा मार्ग ('इजिमा') आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं. खड्ड्याचा अर्ज चुकीच्या कचेरीत दिला की तो 'आपल्याकडील नाही' असा शेरा घेऊन परत येतो, आणि तोवर पावसाळा आलेला असतो. शेतातून जाणारी पाणंद या चारही यादींत नसते. तिला पाणंद रस्त्यांच्या योजनेतून पैसे मागावे लागतात, आणि त्याआधी बांधाला बांध असलेल्या भावकीकडून जागा. दुसरं काम जास्त अवघड.

लोकसंख्येची आणि रस्त्याची गाठ सगळ्यात घट्ट बसते ती प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत. २५ डिसेंबर २००० ला ही योजना सुरू झाली. तिचं एकक गाव नव्हे, वस्ती. हे धोरण शहाणपणाचं होतं, कारण वर सांगितलेला गावठाण-वाडीचा घोळ त्यानं सुटतो. पण मग वस्तीला किमान आकडा लागतो. सपाटीवर ५००. डोंगरी, वाळवंटी आणि आदिवासी भागासाठी २५०.

आता कुणालाही वाटेल, पाटण-जावळी म्हणजे डोंगरीच की. राज्याचा डोंगरी विकास कार्यक्रम तसं मानतोही. पण केंद्राच्या या योजनेत 'डोंगरी' म्हणजे ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं. आदिवासी म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला भाग, आणि त्यात सातारा-सांगली नाहीत. म्हणजे सह्याद्रीच्या ऐन धारेवरच्या वाडीलाही सपाटीचा ५०० चाच निकष. वरच्या उदाहरणातली २६० ची वाडी हिमाचलात असती तर यादीत आली असती, इथं नाही. जवळजवळच्या वस्त्यांची बेरीज करायची मुभा आहे, पण त्या ५०० मीटरच्या आत हव्यात. हवेतल्या ५०० मीटरवरची वाडी पायवाटेनं पाऊण तासावर असणं हे आमच्याकडं नवल नाही. राज्यानं २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली, डोंगरी कार्यक्रमातूनही रस्ते होतात. वाडीच्या रस्त्यासाठी पुढारी कुठल्या योजनेचं नाव घेतो ते नीट ऐकलं की काम किती खरं आहे याचा अंदाज येतो.

'बारमाही रस्ता' या शब्दाबद्दलही एक सांगतो. बारमाही म्हणजे डांबरी असं नव्हे. पाणी निचरायला मोऱ्या आहेत, ओढ्यावर फरशी किंवा पूल आहे, पावसात वाहतूक थांबत नाही, तो बारमाही. गुळगुळीत डांबरी रस्ता ओढ्यात उतरत असेल तर तो आठमाही. आणि चांगल्या रस्त्यालाही निसर्ग विचारत नाही. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या, तेव्हा मदतीला जाणाऱ्यांपुढं पहिला प्रश्न रस्त्याचा होता. पलूसकडं जमीन सपाट, रस्ते चांगले. तरी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसं बोटीनं बाहेर काढावी लागली, आणि ती बोट उलटून जीव गेले.

रेल्वेचं थोडक्यात आटोपतो, कारण बहुतेक गावांना ती रकान्यापुरतीच आहे. पुणे-मिरज मार्ग नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, किर्लोस्करवाडी, भिलवडी असा जातो. साताऱ्याचं स्टेशन शहरात नाही, माहुलीला. कराडचं ओगलेवाडीला. जत तालुक्यासाठी मिरज-पंढरपूर मार्गावर 'जत रोड' आहे, आणि स्टेशनच्या नावात 'रोड' आलं की समजावं, गाव लांब आहे. वाईकडच्या माणसाला 'जवळचं रेल्वे स्थानक' विचारलं तर तो दोन मिनिटं विचार करतो, कारण त्याला तिथं जायची वेळच आलेली नसते. तो महामार्गावर उभा राहून पुण्याची गाडी धरतो.

एसटी येते आणि बंद होते ती कशी?

एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर पहिल्यांदा धावली. 'गाव तिथं रस्ता, रस्ता तिथं एसटी' हे ब्रीद आपण लहानपणापासून मागच्या काचेवर वाचलंय. मग रस्ता झाला तरी गाडी का येत नाही?

उत्तर 'भारमान' या शब्दात आहे. गाडीच्या एकूण जागांपैकी किती जागांचे पैसे आले, ते भारमान. आगारात खरा हिशेब किलोमीटर धरून होतो, पण ढोबळ असं बघू. गाडीत ४० जागा. सकाळी ६ ला तालुक्याहून गाडी गावाकडं निघते. त्या वेळी गावाकडं कोण येणार? शाळेचे शिक्षक आणि एखादी नर्सबाई, मिळून ४ जण. गावातून परत जाताना मात्र कॉलेजची पोरं, बाजारकरू, कोर्टाची तारीख असलेले, सगळे मिळून ४० भरतात. दोन फेऱ्यांत ८० जागा, माणसं ४४. भारमान ५५ टक्के.

आता तीच गाडी मुक्कामी करा. संध्याकाळी ७ ला तालुक्याहून ३० माणसं घेऊन गावात येते, रात्री थांबते, सकाळी ४० घेऊन निघते. ८० जागांत ७० माणसं. भारमान साडेसत्याऐंशी. गाव तेच, लोकसंख्या तीच, गाडी तीच. मुक्कामाच्या गाडीचं गावाला एवढं कौतुक का, आणि आगारालाही ती का परवडते, ते एवढ्यात आलं.

पण मुक्कामाला माणसं लागतात. चालक-वाहकांना झोपायला जागा, पाणी, संडास. आमच्याकडं मुक्कामी गाडी मारुतीच्या देवळापुढं लागायची. वाहककाका तिकिटाची पेटी उशाशी घेऊन देवळाच्या ओवरीत झोपायचे, आणि पाचला चालकानं गाडी तापवायला सुरू केली की ती घरघर अख्ख्या गावाचा गजर असायची. पुढं ओवरी गळायला लागली. ग्रामपंचायतीनं खोली द्यायची ठरवली, ती द्यायची राहिली. मग गाडी शेजारच्या मोठ्या गावात मुक्कामाला जाऊ लागली आणि आमच्याकडं 'सकाळची' म्हणून यायला लागली, तीही फाट्यावरून वळली तर.

एक फेरी गेली की काय होतं ते मी पुढच्या दहा वर्षांत बघितलं. कॉलेजची पोरं तालुक्याला खोल्या करून राहिली. त्यांच्यासोबत पासाचं उत्पन्न गेलं. ज्यांना जमलं त्यांनी मोटारसायकली घेतल्या. दुपारची फेरी रिकामी धावायला लागली, म्हणून तीही गेली. नंतर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्या सहा महिन्यांत लोकांना वडापची सवय लागली ती लागलीच.

वडाप हा शब्द आपल्याकडचाच. जीप किंवा सहा आसनी, माणसं भरली की सुटणार. 'कधी सुटणार?' या प्रश्नाला 'अजून दोन शिटं' हेच उत्तर. पुस्तिकेत टॅक्सी-व्हॅनचा रकाना आहे, पण त्यात ही सुटण्याची अट येत नाही. वडापला भारमानाचा हिशेब समजावावा लागत नाही, ती रिकामी निघतच नाही. म्हणून ती बाजाराच्या दिवशी दर वीस मिनिटांनी असते आणि अमावस्येला दिवसभर नसते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. दोन्ही निर्णय मला पटतात. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. आत्या एकाहत्तरची आहे. तिला औषधाला जायचं तर वाडीवरून गावात दोन किलोमीटर चालत, गावातून फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर किंवा वडापला पूर्ण पैसे, आणि फाट्यावरून पुढं अर्धं तिकीट. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यानं मोजतात, पण तिच्या प्रवासातला सगळ्यात महाग तुकडा त्या टप्प्यांच्या आधीच संपलेला असतो.

म्हणून कुणी तुम्हाला गावाची ओळ दाखवली तर किलोमीटर सोडून दोन गोष्टी विचारा. सकाळी दवाखान्यात जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं का? आणि शेवटच्या वाडीपासून पहिल्या गाडीपर्यंत कोण चालतं?

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरलाय. म्हणजे माणसं मोजायचं काम पुन्हा फेब्रुवारीतच, पुन्हा ऐन हंगामात. घरांची यादी त्याआधी वेगळी होते, तिच्यात कुलूप असलेली घरंही येतात. आत्याच्या वाडीवर अकरा घरं, त्यांतली सहा कुलपाची. मोजणीवाले येणार म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्ये वाडीपतुर चालत येत्यात का मीच खाली जाऊ?"